चावडीवरचा तास

टेबलावर पुस्तक आपटून मिटायचं, चष्मा कपाळावर चढवायचा आणि समोरच्या मुलाला विचारायचं, "कुनी सांगितलं? आन् तू ऐकलंस?" हे मास्तरांचं दर तासाला ठरलेलं. सूर्य पूर्वेला उगवतो असं कुणी म्हणालं असतं तरी त्यांनी हेच विचारलं असतं. माझा चित्रकलेचा वर्ग शेजारी, मध्ये नुसती कुडाची भिंत. पलीकडे पुस्तक आपटलं की इकडे माझ्या मुलांचे हात हलायचे आणि कागदावरच्या कलिंगडाला शेपूट फुटायचं.

मास्तर मूळचे विट्याकडचे. आमच्या शाळेत इतिहास आणि नागरिकशास्त्र शिकवायचे. बोलायला सुरुवात करायचे ती शुद्ध भाषेत, पण राग चढला की गावची बोली वर यायची, आणि राग बहुतेक वेळ चढलेलाच असायचा. कोरेगावच्या बाजूचं आमचं गाव बाजाराचं, शाळा मॅट्रिकपर्यंतची. तिथे सतत रागावलेला माणूस किती गैरसोयीचा होतो, हे तुमच्या ओळखीत तसा कुणी असेल तर तुम्हाला ठाऊक असेलच.

युद्धाच्या दिवसांत रेशनच्या दुकानापुढे रांग लागायची आणि कचेरीतला पट्टेवाला खुशाल सगळ्यांच्या पुढे जाऊन उभा राहायचा. मास्तरांनी एकदा त्याचा दंड धरला आणि त्याला रांगेच्या टोकाला नेऊन उभा केला. त्यावरून एवढा गोंधळ झाला की दुकानदाराने फळ्या लावून टाकल्या. मग रांगेतली सगळी माणसं पट्टेवाल्याला सोडून मास्तरांवरच तुटून पडली. घरी येताना मी म्हटलं, "मास्तर, साखर गेली."

"मग बिनसाखरेचा प्या," ते म्हणाले आणि पुढे चालू लागले.

मुलांवरही तीच आग. शाळेपुढचं गटार तुंबलं तेव्हा मुलांनी नगरपालिकेच्या नावाने ओरडा केला. मास्तर म्हणाले, "हक्क म्हटलं की छाती फुगतीया, कर्तव्य म्हटलं की पोटात दुखतंय व्हय रं?" आणि धोतर खोचून स्वतःच गटारात उतरले. मुलं मागोमाग उतरली. दुसऱ्या दिवशी त्याच मुलांना घेऊन ते नगरपालिकेत जाऊन भांडून आले. माणसाने आधी हात घाण करावेत आणि मग भांडावं, असं त्यांचं म्हणणं होतं.

त्यांच्या मॅट्रिकच्या वर्गात भैरू होता. गावाबाहेरच्या रामोशी वस्तीतला, तिथून मॅट्रिकला बसणारा पहिलाच. हा भैरू शेवटच्या तासाला अर्ध्यातून उठून जाऊ लागला. मास्तरांनी एक-दोनदा पाहिलं आणि मग अडवलं.

"कुठं चाललास रं?"

"चावडीवर जी. हजेरी हाय. वय भरलं म्हनून माजंबी नाव घातलंय."

वर्गात त्या दिवशी 'नागरिकांचे हक्क' हा धडा चालू होता. कुडापलीकडून पुस्तक आपटल्याचा आवाज आला नाही, म्हणूनच मी मान वर केली.

आजच्या मुलांना हे सांगितलं तर खोटं वाटेल. इंग्रजांनी कायदा करून जातीच्या जाती जन्मतःच गुन्हेगार ठरवून टाकल्या होत्या. चोरी केलेली असो वा नसो, त्या घरातल्या माणसाने रोज चावडीवर जायचं, उकिडवं बसायचं, पोलीस पाटलाने नाव पुकारलं की ओ द्यायची. गाव सोडायचं तर परवानगी घ्यायची. भैरूचा बाप तसा बसत आला होता, आजाही बसला होता. आणि आम्ही शहाणीसुरती माणसं त्यांच्या समोरून भाजीच्या पिशव्या घेऊन जात होतो. कुणाला काही वाटत नव्हतं. मला त्याचा आजही संताप येतो.

दुसऱ्या दिवशी मास्तर वर्गाला म्हणाले, "पुस्तकं मिटा. उरलेला तास चावडीवर."

मीही मागून गेलो. दिवेलागणीची वेळ होती. रामोशी ओळीने उकिडवे बसले होते. मास्तर भैरूशेजारी धोतर सावरून तसेच बसले, आणि त्यांच्यामागे सबंध वर्ग बसला. पोलीस पाटील खाटेवरून उठलाच.

"आवं मास्तर, तुमी कशापायी हितं?"

"नागरिकशास्त्राचा तास आहे. चालू द्या तुमचं."

पाटलाचं लक्ष ओळीच्या शेवटाकडे गेलं. तिथे त्याचा स्वतःचा मुलगा बसला होता. पाटलाचा चेहरा उतरला. "आरं ऊठ! तू काय गुन्हा केलायस व्हय?"

"ह्यांनी काय केलाय?" मास्तरांनी विचारलं.

पाटील माणूस वाईट नव्हता, पण हुकमाचा ताबेदार. "मी काय करू मास्तर? वरनं हुकूम हाय."

"कुनी सांगितलं? आन् तुमी ऐकलंत?"

त्या संध्याकाळची हजेरी कशीबशी उरकली. दुसऱ्या दिवशी मात्र गावातले पालक शाळेत. आमच्या पोरांना चोरांच्या ओळीत बसवलं म्हणून नुसता आरडाओरडा. हेडमास्तरांनी मास्तरांना समज दिली आणि तो धडा परीक्षेला येत नाही, तेव्हा गाळला तरी चालेल, असंही सांगितलं.

पुढे मॅट्रिकची परीक्षा आली. केंद्र साताऱ्याला. पेपर आठवडाभर चालायचे. भैरूला तिथे राहायची परवानगी मागायला मास्तर वरच्या कचेरीपर्यंत जाऊन आले. मिळाली नाही. पाटलाने एवढंच कबूल केलं, "दिवसा जाऊ द्या. पन दिवं लागायच्या आत ह्यो ओळीत पायजे."

मग मास्तरांनी भैरूला सायकलवर डबलसीट नेलं आणि आणलं. रोज. पहाटे निघायचं, पेपर संपला की त्याला मागे बसवून उन्हातान्हात परत यायचं आणि थेट चावडीपुढे उतरवायचं. भैरू म्हणायचा, "मास्तर, मी हानतो की सायकल." मास्तर म्हणायचे, "तू मागं बसून भूमिती पाठ कर." पन्नाशीच्या जवळ आलेला माणूस. चढावर धापा टाकत, सरकारला, पाटलाला आणि वाऱ्यालाही शिव्या देत जाताना त्यांना वाटेवरच्या गावांनी आठवडाभर पाहिलं.

शेवटच्या दिवशी माहुलीच्या अलीकडे ट्यूब फुटली. युद्धापासून नवी ट्यूब मिळत नव्हती, तिच्यावर ठिगळावर ठिगळं होती. दोघांनी सायकल ढकलत उरलेली वाट कापली. चावडीशी पोचले तेव्हा हजेरी होऊन गेली होती आणि भैरूच्या नावापुढे 'गैरहजर' पडलं होतं.

भैरूला पोलिसांनी नेलं. मास्तर ठाण्यात जाऊन ओरडले, "उशीर माझ्या सायकलीनं केलाय, मला आत घाला!" जमादार हसला. मास्तरांना कुणी आत घातलं नाही. भैरूला मात्र महिनाभर घातलं.

तो सुटून आला आणि थोड्याच दिवसांत निकाल लागला. भैरू पास झाला होता. मास्तरांनी सगळ्या शाळेला पेढे वाटले, माझ्या वर्गातल्या कलिंगडवाल्यांनाही. पण कॉलेजला जायचं तर शाळेकडून चांगल्या वर्तणुकीचा दाखला लागे. हेडमास्तर म्हणाले, "तुरुंगात गेलेल्या मुलाची वर्तणूक चांगली, असं मी कसं लिहून देऊ?"

मी तिथेच होतो. मास्तर टेबलाशी वाकून म्हणाले, "बेचाळीसला तुरुंगात गेले, त्यांच्या गळ्यात तुम्ही हार घातलात. तेव्हा त्यांची वर्तणूक विचारली होती?"

"ते देशासाठी गेले होते."

"आन् ह्यो? ह्यो परीक्षा दिली म्हनून गेला!"

दाखला मिळाला नाही. उन्हाळ्याच्या सुट्टीत शाळेच्या मंडळाने मास्तरांनाच काढून टाकलं. कारण लिहिलं होतं, शिस्तभंग. निरोप समारंभ वगैरे काही झाला नाही. सांगलीला एका ओळखीच्या माणसाच्या लाकडाच्या वखारीत त्यांना काम मिळालं. मुलांना हक्क आणि कर्तव्यं शिकवणारा माणूस तिथे जळण मोजून देऊ लागला. गावाने मात्र सुटकेचा निःश्वास टाकला.

त्याच पावसाळ्यात स्वातंत्र्य आलं. सकाळी शाळेत झेंडा लागला. हेडमास्तर बोलताना गहिवरले. चावडीलाही आंब्याच्या पानांचं तोरण होतं. संध्याकाळी मी तिकडून येत होतो आणि मला वाटलं होतं, आज तरी नसेल. पण सगळे ओळीने उकिडवे बसले होते.

पाटलाच्या छातीवर कागदी झेंडा टाचलेला. त्याच्या डोळ्यांना अलीकडे कमी दिसत होतं. त्याने हजेरीचं बुक भैरूपुढे धरलं. "तू शिकलायस न्हवं? वाच."

भैरू उभा राहिला आणि वाचू लागला. चुलता, मामा, बाप. एकेक जण ओ देत होता. मग त्याने स्वतःचं नाव वाचलं आणि थांबला.

"ओ दे की रं," पाटील म्हणाला.

"हाय," भैरू म्हणाला.

"मोठ्यानं."

"हाय!"

मला त्या क्षणी मास्तर हवे होते. त्या चावडीवर ओरडायला दुसरं कुणी नव्हतं.

हजेरी कायद्याने बंद झाली ती पुढे दोनेक वर्षांनी. मास्तर त्याच्या आधीच सांगलीत विषमज्वराने वारले. कायदा उठल्याची बातमी आली त्या दिवशी भैरू माझ्या दारात येऊन उभा राहिला. आता तो कुठेही जाऊ शकत होता.

"सांगलीला जाऊन येतो," म्हणाला. "मास्तरांच्या घरी."

"तिथे आता कोण आहे?" मी विचारलं.

"मास्तरीणबाई हायेत. त्यास्नी सांगतो." तो जायला वळला. "परवानगी न काढता आलोय, म्हनून सांगतो."