सुमनताईंची गुरुवारची फेरी

सुमनताई गेल्याचा फोन आला तेव्हा मी ऑफिसात एका बैठकीत होतो. फोन वारज्याहून त्यांच्या मुलीचा. "आई सकाळी गेली. कुणाकुणाला कळवायचं ते तिनं लिहून ठेवलं होतं. तुमचं नाव वरच आहे..." मी "येतो" म्हणालो आणि पुन्हा आत जाऊन बैठक पुरी केली. हेही लिहायला हवं. त्यांच्याबद्दल बोलायचं आणि स्वतःला त्यातून वगळायचं, हे माझं एकदा करून झालंय.

वीसेक वर्षांपूर्वी मी एका सॉफ्टवेअर कंपनीत होतो आणि शिवाय एका राखीव पलटणीत अधिकारी. राखीव म्हणजे एरवी कुणी बँकेत, कुणी कारखान्यात; वर्षातले काही आठवडे गणवेश चढवायचा आणि बोलावणं आलं तर सीमेवर जायचं. पलटणीच्या मदतीला बायकांचं एक स्वयंसेवी मंडळ होतं, सुमनताई त्याच्या प्रमुख. टेलिफोन खात्यात तीस वर्षं ट्रंक कॉल जोडून निवृत्त झालेल्या, ठेंगण्या, चष्म्यावरून बघणाऱ्या. पलटण बाहेर गेली की दर गुरुवारी त्या आणि त्यांच्या मैत्रिणी पलटणीची जीप घेऊन पुण्यातल्या आणि आसपासच्या जवानांच्या घरी जायच्या. काम असो वा नसो.

त्या वर्षी पलटणीला सीमेवर जायचा हुकूम आला आणि मागचं बघायला मला पुण्यात ठेवलं. निघण्यापूर्वी कमांडर साहेबांनी विचारलं, "या मंडळाचा नेमका उपयोग काय? मला समजावून सांगा." मी तेव्हा प्रत्येक गोष्ट तक्त्यात बसवत असे. ताईंबरोबर एक फेरी केली. त्या फाटकाबाहेरूनच मोठ्यानं सांगायच्या, "मी सुमन. सगळं ठीक आहे, सहज आले." मग पायरी चढायच्या, तुरीच्या डाळीबद्दल, शेजारणीच्या लग्नाबद्दल बोलायच्या आणि पंधरा मिनिटांत उठायच्या. मी वहीत लिहिलं, 'निष्पन्न: काही नाही.'

बैठकीत मी पडद्यावर तक्ता दाखवला. साहेबांनी ताईंना विचारलं, "आपण तिथे जाऊन काय करता?"

"काहीच करत नाही," ताई म्हणाल्या. "आम्ही जातो. घराला सवय व्हावी लागते."

साहेब नम्रपणे हसले. मी पुढचा तक्ता लावला. ठरलं असं की भेट गरजेपुरतीच, आणि जीप बंद. बाहेर पडताना ताई मला म्हणाल्या, "अहो संगणकवाले, गरज कोणाला आहे ते कोण ठरवणार? यंत्र?" मी हसण्यावारी नेलं.

दोन महिन्यांनी खरोखरच गरज निघाली, आणि तीही चांगली. मांजरी गावच्या आमच्या दत्ता नावाच्या जवानाची बायको गरोदर होती, इस्पितळाच्या कार्डावर तिची सही हवी होती. मी गणवेश घातला, ड्रायव्हर घेतला. दोन्हीकडे ऊस आणि मधून बैलगाडीचा रस्ता. दत्ताची आई ओट्यावर ज्वारी निवडत होती. जीप थांबलेली तिनं पाहिली, माझी टोपी पाहिली. सूप बाजूला ठेवून अगदी शांतपणे विचारलं, "कवा?"

मला प्रश्नच कळला नाही. मी म्हणालो, "आत बसून बोलू या."

ती उठली आणि तिचं पाऊल ओट्याच्या कडेबाहेर पडलं. मी धरायच्या आत खाली गेली. दत्ता तिकडे धडधाकट होता, पुढे सुखरूप परतलाही. पण त्याच्या आईचं खुब्याचं हाड मोडलं ते मोडलंच. ती पुन्हा आधाराशिवाय चालली नाही.

दुसऱ्या दिवशी मी ताईंना सांगितलं. त्यांनी सगळं ऐकून घेतलं.

"गणवेशात गेला होतात?"

"हो."

"आणि आत बसून बोलू म्हणालात."

"तुम्हाला कसं कळलं?"

"सगळे तेच म्हणतात हो. ट्रंक कॉलवरसुद्धा. 'आधी बसून घ्या' म्हटलं की पलीकडे कोणी बसत नाही." मग चपला घालत म्हणाल्या, "आम्ही बसनं जात होतो. जीप बंद झाली म्हणून घरं थोडीच बंद झाली? मांजरी तेवढी लांब पडली... आमच्याकडून सुटली." आणि स्वारगेटला जाऊन त्यांनी मांजरीकडची बस धरली.

आमच्याकडून सुटली. हे वाक्य मी उचललं. साहेबांना पाठवलेल्या टिपणात लिहिलं, 'मंडळाच्या भेटी अनियमित झाल्याने कुटुंबाचा गैरसमज झाला.' खोटं एक अक्षर नव्हतं. खरंही नव्हतं.

पलटण परतली. जवान सांगू लागले, आमच्या घरी दार वाजल्यावर कोणी दचकत नव्हतं. साहेबांनी जीप पुन्हा चालू केली आणि मंडळाचं महत्त्व सर्व अधिकाऱ्यांना समजावून सांगायला मलाच उभं केलं. मी उत्तम बोललो. लष्करी माणूस फक्त वाईट बातमी घेऊन येतो असं घराला वाटलं, तर त्याचं नुसतं येणंच वाईट बातमी होतं. रोजच्यासारखं कोणी येत राहिलं तरच दार हे दार राहतं, असं काहीबाही. फेऱ्या कोणी बंद पाडल्या, ते सांगितलं नाही. टाळ्या पडल्या. ताईही वाजवत होत्या. बाहेर येताना म्हणाल्या, "छान समजावलंत. आम्ही काय करतो ते मलाही आज कळलं." त्यावर त्यांनी पुढच्या इतक्या वर्षांत एक शब्द काढला नाही. मांजरीचा गुरुवार मात्र त्यांनी चुकवला नाही; दत्ता पलटणीतून निवृत्त झाला तरी नाही, स्वतःचे गुडघे गेले तरी नाही. एवढं ओझं उचलून इतकं हलकं चालणारं माणूस मी दुसरं पाहिलं नाही.

दहाव्यानंतरच्या गुरुवारी मी मांजरीला गेलो. ऊस जाऊन तिथे इमारती उभ्या आहेत. दत्ताची म्हातारी आई वॉकर पुढ्यात घेऊन दारात बसलेली. सगळं ठीक आहे असं मला म्हणता येत नव्हतं. फाटकाबाहेर उभा राहूनच म्हणालो, "आई, सुमनताई गेल्या. आणि तेव्हा त्यांचं येणं मी बंद केलं होतं. चूक त्यांची नव्हती."

तिनं वॉकर जवळ ओढला. "ती तर म्हनली, माझाच वार चुकला."

"नाही. मी चुकवला."

"मग तवा मी तिला लई बोलले, रांडंला पाय मोडल्यावर आठवन झाली म्हनले... त्याचं काय?"

  तिनं आत ये म्हटलं नाही, जा म्हटलं नाही. मी पुढच्या गुरुवारी गेलो, त्याच्या पुढच्याही. ओट्याच्या कडेला बसतो. ती बोलत नाही, मीच पावसापाण्याचं काहीतरी बोलतो आणि पंधरा मिनिटांत उठतो. मागच्या खेपेला मी फाटकातून आवाज दिला. आतून सुनेनं विचारलं, "कोण आलंय, आत्या?"

म्हातारीनं मानसुद्धा वर केली नाही. शेंगा सोलत म्हणाली, "कोन न्हाई, त्योच हाय."