साडूभाऊंची दीर्घिका

बोदवडला सासुरवाडीत साडूभाऊ दारात दिसले की चौघे खुर्ची द्यायला उठत. मला त्याच घरात विचारत, "अरे, तुम्ही केव्हा आलात?"

साडूभाऊ म्हणजे माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीचे यजमान. दोंडाईच्याला मिरचीचे व्यापारी. मे महिन्यात मी जळगावहून पेढे घेऊन जाई आणि ते दुर्बीण. पेढ्यांकडे कोण बघणार? आमरसाची जेवणं आटोपली की सगळं घर त्यांच्यामागे गच्चीवर. गुडघे धरून बसणारे सासरे, आबा, तेसुद्धा जिना चढत.

सप्तर्षींच्या शेपटापाशी ते एक दीर्घिका दाखवत. फार लांबची. फोटोत ती भोवऱ्यासारखी दिसते, पण दुर्बिणीतून नुसते दोन पुसट ठिपके, एक तिचा मोठा, एक लगतच्या धाकट्या दीर्घिकेचा. साडूभाऊ अहिराणीत समजावत, "ती धाकली मोठीले ओढस, म्हनीसन मोठीमा नवा तारा जल्मतस." लगेच आबांचा चेहरा असा फुले, जणू ते तारे जावयानेच घडवले.

शेवटी मी त्यांच्याहून मोठी दुर्बीण घेतली. सगळ्यांना गच्चीवर नेलं आणि शेजारच्यांची पाण्याची टाकी तेवढी स्पष्ट दाखवली. आबा म्हणाले, "राहू द्या, जावईबापू." तेव्हा साडूभाऊ जवळ आले, नळी आभाळाकडे वळवून बोटानं जराशी ढकलली, भिंगात डोकावले आणि बाजूला होत म्हणाले, "आबा, या दखाले. भाऊले सापडनी." म्हणजे बघायला या, ती मलाच सापडली!

माणसानं निदान वाईट तरी असावं! म्हणजे मनसोक्त हेवा करता येतो.

गेल्या वर्षी साखरेनं त्यांची नजर गेली. आम्ही दोंडाईच्याला भेटायला गेलो. माझा आवाज ऐकताच त्यांनी हात पुढे केला, तो बराच वेळ सोडला नाही. निघताना त्यांनी आपली दुर्बीण दिली, पण माझ्या बायकोला. "सुलभाताईले नजर शे," एवढंच म्हणाले. दिवाळीआधी ते गेले.

यंदाच्या मे महिन्यात बोदवडला सुलभानं ती दुर्बीण लावली. चहा निवायच्या आत दोन्ही ठिपके भिंगात. मी थक्क.

"तुला केव्हापासून जमतं हे?"

"लग्नानंतरच्या पहिल्या उन्हाळ्यापासून. भाऊजी आम्हा सगळ्यांनाच शिकवायचे. तुम्ही रुसून खाली जायचात ना."

मी भिंगाला डोळा लावला. कितीतरी वर्षांत पहिल्यांदाच नीट पाहिलं. आणि साडूभाऊंचा असा हेवा वाटला, की डोळ्यांत पाणी येऊन ते दोन्ही ठिपके एक झाले.