आधी अक्षर की आधी वेलांटी

कोल्हापुरात राजारामपुरीतल्या एका खासगी संगणक क्लासमध्ये मी तेव्हा शिकवत होते. दोन हजार सालानंतरची काही वर्षं गेली होती, घरोघरी इंटरनेट यायला लागलं होतं, आणि संगणकावर सरळ मराठीत लिहिता येतं हे लोकांना नव्यानं कळत होतं. कळत होतं, पण जमत नव्हतं. कुणाच्या पडद्यावर अक्षरांच्या जागी चौकोनी डबे दिसायचे, कुणाच्या वेलांट्या भलतीकडेच जाऊन बसायच्या. मग मला एक मराठी साइट सापडली. संगणकाच्या अडचणींवर मदतपानं लिहिलेली, आणि ती पानं कुणीही लिहावीत, कुणीही दुरुस्त करावीत अशी सोय. ‘मराठी टायपिंग कसं सुरू करावं’ हे पान तिथं अर्धवटच होतं. ते मी पुरं करायला घेतलं.

क्लासमध्ये सांगायचे तसंच लिहिलं. कुठलं बटण दाबायचं, संगणकाबरोबर मिळालेली सीडी कधी घालायची, आणि संगणकातच असलेल्या मराठी कीबोर्डवर अक्षरं कुठं असतात. त्यात एक वाक्य होतं : ‘आधी अक्षर टाइप करा, मग त्याची वेलांटी.’ हे वाक्य मी मुद्दाम ठळक केलं होतं, कारण सगळे तिथंच अडखळायचे.

पुढच्या आठवड्यात पान उघडलं तर वाक्य उलटं झालेलं. ‘आधी वेलांटी टाइप करा, मग अक्षर.’

मला वाटलं, कुणीतरी चुकून केलं असेल. नीट केलं. दुसऱ्या दिवशी परत उलटं. या वेळी माझे दोन परिच्छेदही गायब होते, आणि त्यांच्या जागी कुठला तरी वेगळा प्रोग्रॅम उतरवून घ्या, असं लिहिलेलं. अशा साइटवर प्रत्येक पानाचा इतिहास बघता येतो : कुणी, कधी, काय बदललं. मी इतिहास उघडला. बदल करणाऱ्यानं नावाच्या जागी नुसती चार अक्षरं लावली होती, त्यांचा काही अर्थ लागत नव्हता. स्वतःची ओळख द्यायला जो तयार नाही, तो सरळ माणूस नसणार, हे मी तिथल्या तिथं ठरवून टाकलं. माझं स्वतःचं खातंही टोपणनावानंच होतं, हे तेव्हा मनात आलं नाही.

मग आमचं सुरू झालं. तो पुसायचा, मी जुनं पान परत आणायचे. मी आणलं की तो त्याचं आणायचा. एकदा पान अगदी खालपर्यंत वाचलं तर तळाशी एक दुवा. दाबला, तर मराठी फॉन्ट विकणाऱ्या कुठल्याशा दुकानाची जाहिरात! मी ती काढली, तर चार दिवसांत परत आली. मग माझी खात्रीच पटली. हा माणूस विक्रेता आहे. संगणकात फुकट मिळणारी सोय लोकांना कळू नये, म्हणून माझं लिहिलेलं पुसतोय.

मी घरी नवऱ्याला सांगितलं. तो बँकेत होता, आणि बँकेतली माणसं कुणावर विश्वास ठेवत नाहीत असा माझा अनुभव. त्यानं पेपर खाली ठेवून विचारलं, “तुझ्या क्लासमधलाच कुणी नाही ना?”

हे माझ्या डोक्यात आलं नव्हतं. आलं ते मात्र गेलंच नाही. क्लासमध्ये हुपरीचे एक सर होते, माझ्या शेजारच्याच टेबलावर बसायचे. मी वर्गातून परत आले की ते घाईघाईनं पडद्यावरची खिडकी बंद करायचे. यापूर्वी ते माझ्या लक्षातही आलं नव्हतं. आता मी दारात थांबून बघायला लागले. एकदा सहज म्हणून विचारलं, “सर, तुम्ही आधी वेलांटी टाइप करता की अक्षर?” ते म्हणाले, “मी मराठी टाइपच करत नाही की हो.” हे उत्तरही मला आधीच तयार ठेवल्यासारखं वाटलं.

शेवटी त्या साइटच्या व्यवस्थापकानं मध्ये पडून पानाला कुलूप लावलं. कुणीच बदल करायचे नाहीत. आधी त्या पानाला जोडलेल्या चर्चा पानावर बोला, एकमत करा, मग उघडतो. हे ठीक होतं, पण कुलूप लागलं तेव्हा पान त्याच्या बाजूचं होतं. आधी वेलांटी, मग अक्षर! म्हणजे व्यवस्थापकही सामील. मी चर्चा पानावर खरमरीत लिहिलं, की इथं धंदा चालतो असं दिसतंय.

उत्तर आलं : “धंदा तुमचा चालतोय, आमचा न्हाय. जाहिरात चिकटवायची आणि वर दुसऱ्यालाच बोलायचं, असं कुठं असतंय व्हय?”

मी ते पुन्हा वाचलं. राग आलाच, पण त्याहून जास्त धक्का बसला तो बोलीचा. हा माणूस पुण्या-मुंबईचा नव्हता. हा इथलाच होता. हुपरीचे सर शेजारी बसून चहा पीत होते. मी त्यांच्याकडे बघितलं, त्यांनी माझ्याकडे बघितलं, आणि त्यांनी परत खिडकी बंद केली.

मी लिहिलं, “तुम्ही कोल्हापूरचे का?”

“का? घरी येताय काय?”

“विचारलं फक्त.”

दुसऱ्या दिवशी दोन ओळी दिसल्या. “कुरुंदवाडचा हाय. टायपिंगचा क्लास हाय माझा. लपून बसत न्हाय कुणाला.”

हुपरीचे सर सुटले. (ते खिडकी का बंद करायचे ते नंतर कळलं. लग्नाची स्थळं बघायचे.) पण टायपिंगचा क्लास म्हटल्यावर माझा संशय उलट बळावला. मी लिहिलं, की असं नुसतं लिहून मिटणार नाही. रविवारी आमच्या क्लासचे संगणक रिकामे असतात, समोरासमोर बसून करून बघू. त्यानं लिहिलं, “येतो. बायकोला घेऊन येतो, साक्षीला.” नवऱ्यानं हे वाचलं आणि म्हणाला, “मग मीही येणार. असल्या ओळखपाळख नसलेल्या माणसाला तू एकटी भेटायची नाहीस.”

रविवारी सकाळी ते दोघं आले. पन्नाशीचा उंच गृहस्थ, पांढरा शर्ट, आवाज खणखणीत. बायको ठेंगणी, हसरी. बोलता बोलता मध्येच कानडीत जायची. दारातच त्यानं माझ्या नवऱ्याला नमस्कार केला आणि म्हणाला, “पावणं, ते लिवणारं तुमीच काय?”

“मी नाही. ही.”

तो माझ्याकडे वळला. माझ्या जागी कुणीतरी पुरुष असणार अशी त्याची खात्री होती, हे तोंडावर दिसलं. “बाई हाय होय,” एवढंच म्हणाला.

बसल्या बसल्या त्यानं भिंतीवरचा आमच्या क्लासच्या जाहिरातीचा फलक वाचून काढला, आणि इथं फॉन्ट विकता का, म्हणून थेट विचारलं. मी नाही म्हटलं. मग त्यानं पिशवीतून त्याच्या प्रोग्रॅमची सीडी काढली. ती मी हातात घेऊन त्यावरचं नाव बघितलं. पानाच्या तळाशी असलेल्या जाहिरातीतलं नाव मी पाठ करून आले होते. हे ते नव्हतं.

“उलटून बी बघा की,” तो म्हणाला. मीही उलटून बघितलीच.

मग करून बघायला बसलो. पान त्याच्या बाजूचं कुलूपबंद होतं, ते समोर उघडलं, आणि आयुष्यात कधी मराठी टाइप न केलेल्या माझ्या नवऱ्याला खुर्चीवर बसवलं. त्याला टाइप करायचं होतं ‘किती’. पानात सांगितल्याप्रमाणे त्यानं आधी वेलांटी दाबली. पडद्यावर ठिपक्यांचं एक वर्तुळ आलं, आणि त्याला लटकलेली वेलांटी. मग ‘क’ आला तो निराळाच उभा राहिला. नवरा म्हणाला, “हे काय झालं?”

“बघा,” मी म्हणाले.

“थांबा की ओ, प्रोग्रॅम कुठं चढवलाय अजून.” त्या गृहस्थानं दुसऱ्या संगणकावर त्याची सीडी चढवली आणि बायकोला बसवलं. तिनं आयुष्यभर मराठी टाइपरायटर चालवला होता. टाइपरायटरवर कागदावर जे आधी उमटतं ते आधी मारायचं, म्हणून ‘कि’ची वेलांटी आधी आणि ‘क’ मागून. त्याच्या प्रोग्रॅममध्ये तसंच चालायचं. प्रोग्रॅम आतल्या आत वेलांटी फिरवून घ्यायचा. ती न बघता भराभर लिहीत गेली. मग मी तिला माझ्या कीबोर्डवर माझ्या पद्धतीनं लिहायला सांगितलं. तिची बोटं सवयीनं जुन्या जागी गेली आणि पडद्यावर काहीच्या काही उमटलं. ती हसायला लागली. “अय्यो, हे न्हाई जमत मला.”

आम्ही दोघंही बरोबर होतो, आणि एकाच पानावर एकमेकांचं पुसून दोघांनी मिळून ते पान कुणाच्याच कामाचं ठेवलं नव्हतं.

“ते ऱ्हाऊ दे,” तो म्हणाला. “जाहिरात कुणाची?”

आम्ही दोघं एकाच पडद्यासमोर खुर्च्या ओढून बसलो आणि इतिहास पहिल्यापासून वाचायला लागलो. तो प्रत्येक ओळीवर बोट ठेवायचा. “हे तुमी.” “हो.” “हे मी.” “आणि हे?” मध्येच एका ओळीत नाव नव्हतं, नुसता आकडा होता. खातं न उघडता कुणी लिहिलं की तिथं असा आकडा दिसतो. जाहिरात त्या आकड्यानं घातली होती. त्यानंतर मी माझं जुनं पान परत आणताना अख्खं पान आणलं होतं, तळाच्या जाहिरातीसकट. या गृहस्थानं स्वतःचं आणताना तेच केलं होतं. मधूनमधून तो आकडा परत यायचा आणि जाहिरात परत चिकटवून जायचा. दोघांनी एकमेकांना विक्रेता म्हणत, त्या तिसऱ्याचं काम इमानेइतबारे केलं होतं.

“च्यायला,” तो म्हणाला, आणि बायकोकडे बघून त्यानं जीभ चावली.

त्याच दुपारी आम्ही चर्चा पानावर लिहिलं. पानाच्या सुरुवातीलाच वाचणाऱ्याला विचारायचं : तुम्हाला मराठी टाइपरायटर येतो का? येत असेल तर खालचा एक भाग, नसेल तर दुसरा. आणि आमच्यापुरतं असंही ठरवलं, की पटलं नाही तर फक्त ती ओळ दुरुस्त करायची, अख्खं पान मागं न्यायचं नाही, आणि कारण आधी लिहायचं. शब्दांवरून तासभर आणखी वाद झाला. त्याला ‘टंकलेखन’ हवं होतं, मला ‘टायपिंग’. शेवटी त्याच्या भागात टंकलेखन आणि माझ्या भागात टायपिंग ठेवलं. माझ्या नवऱ्यानं सगळ्यांसाठी मिसळ मागवली. ती कमी तिखट आहे अशी तक्रार करत पाहुण्यानं दोनदा घेतली.

व्यवस्थापकानं कुलूप काढलं. खातं नसलेल्यांना त्या पानावर लिहायची मनाई केली. तो आकडा कुणाचा होता, ते शेवटपर्यंत कळलं नाही.

त्या रविवारी निघताना पाहुण्यानं फोन नंबर दिला होता. पहिले काही महिने आम्ही एकमेकांचे बदल बारकाईनं तपासत होतो. मी त्याचे तपासते हे त्याला माहीत होतं आणि तो माझे तपासतो हे मला. एकदा त्याचा सकाळीच फोन आला.

“म्याडम, छपाईच्या मदतपानावर तीच जाहिरात आलीया. बघितली काय?”

“तुम्ही काढली नाहीत?”

“म्हटलं, आधी तुमास्नी दाखवतो. न्हाईतर म्हणाल, यानंच घातली.”

मी पान उघडलं. जाहिरात होती, आकडा वेगळा होता. मी कारण लिहिलं आणि ती एकच ओळ काढली. फोनवर तो त्याच्या पडद्याकडे बघत थांबला होता.

“गेली,” तो म्हणाला, आणि फोन ठेवला.