आपल्या लोकांचं रक्त

हिंजवडीकडे काचेच्या इमारती उभ्या राहत होत्या, त्या काळात मी पुण्यातल्या एका रुग्णालयात प्लास्टिक सर्जरी शिकत होते. दुचाकीवरून पडलेलं कोणी ना कोणी रोज यायचं. तशीच ती आली. तेवीस वर्षांची, गडचिरोलीकडची, सॉफ्टवेअर तपासायची नोकरी लागून जेमतेम चार महिने झालेले. कात्रजच्या उतारावर टेम्पोनं उडवलं होतं. नडगीवर कातडी उरली नव्हती, हाड उघडं पडलं होतं. मांडीचा तुकडा त्याच्या रक्तवाहिन्यांसकट काढून तिथे बसवायचं ठरलं. त्या बारीक वाहिन्या सूक्ष्मदर्शकाखाली जोडायच्या. तिथे एक गुठळी अडकली, की अख्खा तुकडा काळा पडतो.

रक्त पातळ ठेवणारं औषध सुरू करायचं का, असं मी आमच्या विभागप्रमुख सरांना विचारलं. पुस्तकात तसं होतं.

"अहो डॉक्टर, ते पुस्तक गोऱ्यांसाठी लिहिलंय. आपल्या लोकांत गुठळ्या कमी होतात. उगाच रक्तस्राव कशाला ओढवून घ्यायचा?"

सर अनुभवानं बोलत होते आणि तसं चुकीचंही नव्हतं. पण 'आपले लोक' म्हणजे नेमके कोण, हे काही माझ्या डोक्यातून जाईना. मुलीची आई नुकतीच गावाहून पोचली होती. मी तिच्या शेजारी बाकावर बसले आणि घरात कोणाला रक्ताचा काही आजार होता का, असं विचारलं.

"हिच्या मामाले सिकलसेल होता जी," ती म्हणाली. "इथं कोनं इचारलंच नाई."

या आजारात प्राणवायू कमी पडला की तांबड्या पेशी विळ्यासारख्या वाकतात आणि बारीक वाहिन्या तुंबतात. विदर्भातल्या काही समाजांत तो बराच आढळतो. मी स्वतः रक्त घेतलं आणि नळी मुठीत धरून जिन्यानं प्रयोगशाळेकडे पळत सुटले. दुपारी अहवाल आला. मुलगी आजारी नव्हती, पण वाहक होती; एरवी त्रास नाही, पण रक्त अडलं किंवा अंग गार पडलं तर तिच्याही पेशी वाकू शकत होत्या.

सरांनी कागद दोनदा वाचला. आता टोमणा येणार, म्हणून मी मान खाली घातली.

"म्हणजे माझे 'आपले लोक' सदाशिव पेठेपुरतेच होते तर," ते म्हणाले. "बसा. सगळं नव्यानं ठरवू."

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही शस्त्रक्रियागृहाचा एसी बंद केला. सलाइन कोमट करून घेतलं, शरीरात पाणी कमी पडू दिलं नाही, रक्त अडवायला मांडीला पट्टा आवळतात, तोही आवळला नाही. औषधही दिलं, पण मोजून. घाम गाळत सरांनी वाहिन्या जोडल्या आणि चिमटा सोडला. तुकडा गुलाबी झाला. मी श्वास सोडते न सोडते तोच तो हळूहळू निळा पडू लागला. शिरेत गुठळी झाली होती.

"घाई नाही," सर म्हणाले. त्यांनी टाके उसवले, गुठळी काढली, शीर धुऊन पुन्हा शिवली. दोरा मी धरला होता. मग त्यांनी तुकड्याला सुई टोचली. लालभडक थेंब वर आला.

"लाल!" मी चक्क ओरडले. भूलतज्ज्ञ बाई हसायलाच लागल्या.

पाचव्या दिवशी पट्टी उघडली तेव्हा आईनं बोटांची मागची बाजू हळूच तिथे टेकवली.

"गरम हाय जी!"

"आई, मला बघू दे ना!" मुलगी कोपरांवर उठून बसायला लागली, आणि तिला परत झोपवता झोपवता आईची आणि माझी भलतीच तारांबळ उडाली.