पगार काऊन कापला?

आमच्या घरातून कॉलेजात गेलेला पहिला मी. चंद्रपूरला सरकारी ऑफिसात अधिकारी झालो, तर त्याचा तोरा माझ्यापेक्षा बाबांनाच जास्त. यंदा फेब्रुवारीचा पगार निम्माच आला आणि तो तोरा उतरला.

"काऊन कापला?"

"इन्कम टॅक्स आहे, बाबा. जास्त कमावलं की जास्त कापते. कमी असला तर कापतच नाई."

बाबांना ते पटलं नाही. जन्मभर त्यांनी अहेरीकडच्या जंगलात तेंदूपत्ता तोडला. पानं जमा करायच्या फळीवर ठेकेदाराचा मुंशी पानांचे पुडके उलटेपालटे करून बघायचा आणि फाटकी पानं निघाली की मजुरी कापायचा. चांगल्या कामाचे पैसे कोणी कापतं का?

दुसऱ्या दिवशी मला न सांगता ते ऑफिसात हजर. मी दाराकडे धावलो, तोवर त्यांनी चपराशाला विचारलंही, "भाऊ, तुहा पगार कापला का?"

"नाई बाबा, माहा कायले कापते?"

बाबांनी माझ्याकडे असं पाहिलं, की माझ्या डिग्रीची तिथेच माती झाली. मग ते साहेबांसमोर जाऊन उभे राहिले. "साहेब, पोरगं काम बरोबर नाई करत का?"

साहेब हसले. "चांगलं करतो की! अहो, माझा तर त्याच्याहून जास्त कापला."

बाबांनी साहेबांना रामराम केला. बाहेर रस्त्यावर आल्यावर मात्र त्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि हळूच म्हणाले, "त्या साहेबापासून जपून राह्यजो. त्याचे पुडके तर तुह्याहून फाटके निघाले."