रॉडला कोणी हात लावायचा नाही

काही लोक माशाशी लढत नाहीत, माशाला लुबाडतात. नाव नाही घेत कोणाचं. दावणीसारखा जाड दोर, ओढायला चार माणसं, शेजारी एक जण भाला घेऊन उभा, आणि फोटोत मात्र एकटेच, छाती फुगवून. याला खेळ म्हणायचं? समोरच्याला सुटायची संधीच ठेवली नाही, तर तुम्ही खेळलात काय?

हे भाषण मी मोताळ्याच्या टपरीवर इतक्यांदा केलंय की चहावाला माझ्यापुढे कप ठेवतो आणि दुकानामागे निघून जातो. तुम्ही तरी बसा. कारण पुढे जे झालं, ते ऐकल्यावर त्यानं मला अर्धा कप जास्त दिला होता.

आता म्हणाल, बुलडाणा जिल्हा कुठे आणि समुद्र कुठे? मान्य. पण तत्त्वाला समुद्र लागतो का? व्हिडिओ बघून बघून मी सगळं शिकलो होतो. तंगूस, म्हणजे तो नायलॉनचा दोरा, बारीकच हवा. मासा पळाला तर पळू द्यायचं, रीलमधला ब्रेक त्याला दमवतो. तो थांबला की रॉड हळूहळू वर उचलायचा आणि खाली आणताना रील गुंडाळायचं. दोरा कधी ढिला पडू द्यायचा नाही. आणि सगळ्यात मोठा नियम, लढणाऱ्यानं एकट्यानं लढायचं. रॉडला दुसऱ्याचा हात लागला की तो मासा तुमचा नाही. शेवटी त्याला मानानं, जिवंत, पाण्यात सोडायचं.

सराव मी रोहिणखेडला आमच्या घरच्या वगारीवर, म्हणजे म्हशीच्या तरण्या पारडीवर केला. तिच्या दाव्याला तंगूस बांधला आणि माझा मित्र प्रवीण, त्याला म्हटलं, हाकल. वगार निघाली ती तुरीतून. मागे रॉड, रॉडमागे मी.

"मासा इतका पयते का बे?" प्रवीणनं नंतर विचारलं.

"याच्याहून जास्त."

"मंग तू काऊन जातो त्याच्या मांग?"

अशा लोकांमध्ये राहून तत्त्वं जपायची, म्हणजे बघा.

पण खरा मुद्दा मासा नव्हता. खरा मुद्दा अस्मिता. कॉलेजपासूनची. तिला पोस्टात नोकरी लागली आणि नेमणूक मिळाली थेट मालवणला. तिचे वडील, पिंपळगाव राजाचे इंगळे काका, वीज खात्यात वायरमन होते. आयुष्य खांबावर तारा ताणण्यात गेलेलं. आमच्या घरच्यांनी रीतसर विचारणा केली, तेव्हा काकांनी हो म्हटलं नाही, नाही म्हटलं नाही. एवढंच म्हणाले, "पोरगा शिकेल आहे. पण कोनाचं आयकत नाई. पाहू."

त्या 'पाहू'वर मी कितीतरी महिने लटकलो होतो. शेवटी काका-काकू मुलीकडे मालवणला निघाले आणि अस्मितानं मलाही बोलावून घेतलं. म्हणाली, "बाबा तिथं तुले पाह्यतीन आन् निघताना सांगतीन. लेक्चर नको देऊ फक्त."

मी लेक्चर देणार नव्हतोच. मी करून दाखवणार होतो. संयम, धीर, प्रतिस्पर्ध्याचा आदर, सगळं एका माशात. माणूस पारखायला आणखी काय लागतं?

सकाळी धक्क्यावरच्या मासेवाल्या मावशींकडून गळाला लावायला बांगडे घेतले आणि बाबल नावाच्या गृहस्थांची होडी ठरवली. होडीच्या मधोमध इंजिनाची खोली, माणसापेक्षा उंच. म्हणजे या बाजूचा माणूस त्या बाजूच्याला दिसत नाही. हे लक्षात ठेवा. मी ठेवलं नाही.

किनारा दूर गेल्यावर बाबलनी नांगर टाकला. काकूंनी नाकाला लिंबू लावून डोळे मिटले. मी रॉड काढला.

"मले बी दे एक," काका म्हणाले.

"काका, एका वेळी एकच जण लढतो. नियम आहे."

"कोनाचा नियम?"

"खेळाचा."

काकांनी माझ्याकडे बघितलं. "बरं," म्हणाले आणि उठून इंजिनाच्या पलीकडे, काकूंजवळ जाऊन बसले. मला बरं वाटलं. मोठा माणूस, पण नियम मानतो. वायरमन होते ना, शिस्त असतेच.

मी सगळ्यांना बजावलं, "मासा लागला की कोणी रॉडला हात लावायचा नाही, कोणी सूचना द्यायच्या नाहीत. लक्ष विचलित होतं." बाबलनी मान डोलावली आणि विडी पेटवली.

बराच वेळ काही नाही. पाण्याची ओढ माझा दोरा होडीखाली नेत होती, तिकडे मी फारसं लक्ष दिलं नाही. मग एकदम जडपणा. मी रॉडला झटका दिला.

खालून उलटा झटका आला.

काय सांगू, अंगावर काटा आला. मोडुसा असणार, किंवा एखादी मोठी घोळ. मी पाय रोवले. तो ओढायचा, मी दोरा सोडायचो. तो थांबायचा, मी रॉड उचलायचो. व्हिडिओत दाखवतात तस्सं. फक्त एक गोष्ट वेगळी होती. हा मासा इकडेतिकडे पळतच नव्हता. एका जागी उभा राहून ओढायचा. ताणायचा आणि धरून ठेवायचा.

अस्मिता व्हिडिओ काढत होती. मी तिला समजावून सांगायला लागलो, जरा मोठ्यानंच, म्हणजे पलीकडे काकांनाही ऐकू जावं.

"म्हातारा मासा आहे. ताकद आहे, पण डोकं नाही. नुसता हट्ट. अशांशी भांडायचं नसतं, त्यांना वाटू द्यायचं की आपण जिंकतोय. मग दमले की आपोआप वर येतात."

इंजिनामागून कोणीतरी खाकरलं. दोऱ्याला असा काही हिसका बसला की माझं पोट कठड्यावर आपटलं.

अस्मिता उठून पलीकडे गेली. परत आली तेव्हा तिचा चेहरा वेगळाच होता.

"अरे, आयक ना."

"आत्ता नाही."

"एक मिनिट आयक, थे तिकडं..."

"अस्मिता, नियम काय सांगितला?"

ती पुन्हा पलीकडे गेली. तिकडून दबक्या आवाजात काकांचं ऐकू आलं, "चूप. सांगू नको त्याले काई." मला वाटलं, काका माझी बाजू घेतायत. डोळ्यांत पाणी आलं हो. सासरा असावा तर असा.

अस्मिता येऊन बसली. फोन मांडीवर ठेवला, ओढणी तोंडात कोंबली. बाबल विडी ओढत एकदा इकडे, एकदा तिकडे बघत होते. शब्द नाही. नियम पाळत होते बिचारे.

माझे हात भरून आले. खांदे जळायला लागले. पण सोडतो की काय? आयुष्याचा प्रश्न होता. मी ब्रेक आणखी आवळला, वगारीची आठवण काढली आणि सगळा जोर लावून रॉड उचलला.

पलीकडे धप्प असा आवाज झाला. पाठोपाठ काकू लिंबू टाकून ओरडल्या, "अवो, पडान ना पान्यात! सोडा थे!"

"नाई सोडत," काकांचा आवाज. "आला आता. लय मोठा हाये."

माझ्या हातातला रॉड अजून वाकलेलाच होता. डोक्यात मात्र काहीतरी सरळ व्हायला लागलं.

बाबलनी विडी पाण्यात टाकली. आकडीची काठी घेतली, होडीखाली घातली आणि दोन दोरे वर उचलले. एक माझा, बारीक, खेळाच्या नियमातला. दुसरा जाड, त्यांनीच काकांना गुपचूप दिलेला. दोन्ही गळ एकमेकांत असे अडकलेले, की सोनारानं कडी घातली असावी. माझा बांगडा जागच्या जागी. काकांची कोळंबीही जागच्या जागी. माशाचं नाव नाही.

इंजिनामागून इंगळे काका आले. हाताला दुपट्टा गुंडाळलेला, दुपट्ट्यावर दोरा गुंडाळलेला, पायात एकच चप्पल. दुसरी होडीपासून लांब निघाली होती.

ते दोऱ्याकडे बघत राहिले. मग माझ्याकडे.

"डोकं नाई म्हने," काका म्हणाले.

मी म्हणालो, "काका, मला वाटलं मोडुसा आहे."

"मले बी थेच वाटलं."

आता अस्मितानं ओढणी काढली. "दोघायलेही सांगून राह्यली होती मी. तू म्हने आत्ता नाई, बाबा म्हने चूप. एक बी आयकत नाई."

काकांनी हातावरचा दोरा सोडायला सुरुवात केली. वेढे सुटता सुटेनात. मी पुढे होऊन मदत करायला गेलो, त्यांनी हात बाजूला घेतला. परत येईपर्यंत ते एकटेच दोरा सोडवत बसले. मी मनातल्या मनात रोहिणखेडचं तिकीट काढलं. घरी काय सांगायचं? सोयरीक मोडली कशानं? हुंड्यानं नाही, पत्रिकेनं नाही. सासऱ्याला गळाला लावलं म्हणून.

धक्क्याला होडी लागली. सकाळच्याच मासेवाल्या मावशी टोपलीशी बसल्या होत्या. एकच चप्पल घालून उतरणाऱ्या काकांना त्यांनी विचारलं, "काय गावला, काका?"

काका थांबले. मागे वळले आणि माझ्या खांद्यावर हात ठेवला. हात जड होता, आणि दोऱ्याचे वळ अजून लाल होते.

"दिवसभर तानलं त्यानं, पन सोडलं नाई," ते काकूंकडे बघून म्हणाले. मग मावशींना म्हणाले, "हा गवसला बाई. जावई हाये आमचा. घेऊन चाललो घरी."

अस्मिता रडायला लागली. काकू हसायला लागल्या. माझी छाती, खोटं कशाला सांगू, फोटोतल्या लोकांसारखी फुगली.

मावशींनी मला डोक्यापासून पायापर्यंत नीट बघितलं.

"बारको आसा," त्या म्हणाल्या. "असले आमी परत पाण्यात सोडतो."