रिग्रेटला उर्दूत काय म्हणतात?

आमच्या उर्दूच्या क्लासचे किस्से इतके साठलेत, की लोक भेटल्यावर लिपी कुठवर आली ते विचारतच नाहीत. "काय, या रविवारी कुणाचा पोपट झाला?" एवढंच विचारतात!

नगरला शेख सरांच्या घरी दर रविवारी सकाळी आम्ही तिघं जमतो. नर्स असलेल्या मंदाताई, एसटीतून रिटायर झालेले कंडक्टर म्हस्केमामा आणि मी, चष्म्याचा दुकानदार. सर फळ्यावर भावनेचा एक इंग्रजी शब्द लिहितात, त्याचे उर्दू शब्द सांगतात आणि आठवडाभरात आम्ही ते जिवंत माणसावर वापरून यायचं. "वहीत ठेवलेला शब्द गंजतो!" असं सरांचं म्हणणं.

एका रविवारी शब्द आला, 'रिग्रेट'.

"घडलं त्याचं वाईट वाटतं, तो अफसोस," सर म्हणाले. "आपण केलं त्याचं वाटतं, तो पछतावा. आणि ज्याला दुखावलं त्याच्यासमोर उभं राहून वाटते, ती नदामत."

मामांनी वही मिटली. पाथर्डीकडे राहणाऱ्या सख्ख्या भावाशी त्यांचं अकरा वर्षं बोलणं नव्हतं. पुतणीच्या लग्नपत्रिकेत यांचं नाव चुलतभावाच्या खाली छापलं, म्हणून मामा भर मांडवात भावाला नको नको ते बोलले होते.

* * *

मंदाताईंनी सोमवारीच अफसोस वापरला. ऑपरेशन थिएटरमधून बाहेर येऊन, चेहरा गंभीर करून त्या म्हणाल्या, "मला फार अफसोस आहे..."

पेशंटच्या बायकोने हंबरडाच फोडला! सासू मटकन खाली बसली. "अहो, तुम्हाला थांबावं लागलं त्याचा!" ताई सांगत होत्या, पण ऐकतंय कोण?

शेवटी आतून पेशंटच ओरडला, "अगं गप की! पायाचं नख काढलंय नुसतं!"

* * *

पछतावा माझ्या वाट्याला आला. मी बायकोला म्हणालो, "परवा तुझ्या आमटीला नावं ठेवली, त्याचा मला पछतावा होतोय."

बावीस वर्षांच्या संसारात असं मी पहिल्यांदाच बोलत होतो. तिने गॅस बंद केला आणि समोर येऊन बसली.

"आता खरं सांगा, काय करून आलात?"

* * *

मंदाताईंनी एकदा सरांनाच धरलं. "सर, नदामत तुम्ही कधी वापरलीत का हो?"

सर खडू शोधायला लागले. आतून भाभींचा आवाज आला, "हमबी कबसे राह देखरैं!"

* * *

नदामत उरली ती मामांसाठी. त्यांनी माफीचं भाषण मराठीतच, पण उर्दू लिपीत लिहून काढलं. घरच्या कुणाच्या हाती लागलं तरी वाचता येऊ नये म्हणून! मग मला सोबत घेऊन त्यांनी पाथर्डीची एसटी धरली. वाटेत त्यांनी तो कागद दहा वेळा तरी उघडला असेल. मला त्यांची फार दया आली.

मामांचे भाऊ अण्णा अंगणात बाजेवर बसले होते. आम्हाला बघून ते हलले नाहीत. मामांनी कागद काढला आणि उजवीकडून बोट फिरवत एवढंच वाचलं, "अण्णा, मला नदामत..."

पुढचं अक्षर लागेना.

"ते काय असतंय?" अण्णांनी विचारलं. "कुठं दुखतंय?"

मामांनी कागद खिशात घातला. "मान वर व्हत न्हाई, अण्णा."

"कवापासनं?"

"अकरा वर्सं झाली."

अण्णा बाजेवर जरा सरकले.

"मला बी तेच हाय. बस."